शेतमोजणीत ‘नजरेची रेषा’ किती अचूक असते? साखळीपासून रोव्हरपर्यंत शेतकऱ्यांना माहीत हवं असं सगळं

पीक निघालं, रान मोकळं झालं की गावागावात बांधाचा विषय निघतो. शेजाऱ्यानं नांगरताना दोन तासं जास्त घेतली, दगड जागेवर नाही, चुलतभावाचा हिस्सा जास्त दिसतोय, अशा तक्रारी सुरू होतात. मग ‘मोजणी आणू’ असं ठरतं. मोजणी येते, खुणा होतात, आणि बऱ्याचदा भांडण मिटायच्या ऐवजी वाढतं. एक जण म्हणतो यंत्र चुकलं, दुसरा म्हणतो साहेबांनी चुकवलं.

खरं काय असतं? यंत्र किती चुकू शकतं, माणूस किती चुकू शकतो, आणि जुन्या नकाशात मुळातच किती बारीक माप आहे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. ते वेगळे ओळखता आले तर मोजणीच्या दिवशी काय पाहायचं आणि कशावर हरकत घ्यायची, हे शेतकऱ्याला समजतं. त्याचीच ही माहिती.

नजरेची रेषा म्हणजे काय?

भूकरमापक यंत्र एका खुणेवर उभं करतो, डोळा लावतो आणि लांबच्या काठीवर किंवा झेंडीवर नेम धरतो. यंत्रापासून त्या काठीपर्यंत जी सरळ रेषा धरली, ती नजरेची रेषा. जमिनीवर ती दिसत नाही, पण पुढचं सगळं तिच्यावरच उभं असतं. कोपरा कुठे, बांध कुठून, क्षेत्र किती, हे तिच्यावरून ठरतं.

प्रत्येक मोजणीत अशा किमान दोन रेषा असतात. एक मागची, म्हणजे आधीपासून माहीत असलेल्या खुणेकडे धरलेली. दुसरी पुढची, म्हणजे जो कोपरा काढायचा आहे तिकडे धरलेली. मागच्या रेषेवरून यंत्राला दिशा कळते, आणि ती दिशा धरून पुढची रेषा टाकली जाते. मागची चुकली की पुढची चुकलीच, यंत्र कितीही महागाचं असो.

थोडी चूक म्हणजे किती गुंठे?

कोन अंशात मोजतात. एका अंशाची ६० मिनिटं, एका मिनिटाचे ६० सेकंद. कोनातली चूक छोटी वाटते, पण शेत जितकं लांब तितकी ती पुढे फाकत जाते. हिशोब असा:

- १ अंश चूक : १०० मीटरवर १.७५ मीटर, २०० मीटरवर सुमारे ३.५ मीटर
- १० मिनिटं चूक : १०० मीटरवर २९ सेंटिमीटर, २०० मीटरवर ५८ सेंटिमीटर
- १ मिनिट चूक : १०० मीटरवर ३ सेंटिमीटर, २०० मीटरवर ६ सेंटिमीटर
- ५ सेकंद चूक : २०० मीटरवर अर्धा सेंटिमीटर

समजा, २०० मीटर लांबीचा बांध आहे. एका टोकाचा दगड बरोबर आहे, पण रेषा १० मिनिटांनी फिरली. दुसऱ्या टोकाला खूण ५८ सेंटिमीटर सरकेल. मधे जो लांबट त्रिकोण तयार झाला त्याचं क्षेत्र ५८ चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून जास्त जमीन इकडची तिकडे झाली. हीच चूक एका अंशाची असेल तर जवळजवळ साडेतीन गुंठे.

आता दुसरा प्रकार. रेषा फिरली नाही, पण अख्खा बांध ३० सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक फूट, बाजूला गेला. २०० मीटर लांबीवर तेही ६० चौरस मीटर होतात. ‘फूटभराचं काय एवढं’ असं म्हणताना हा हिशोब डोक्यात असू द्यावा. कोरडवाहू माळावर अर्धा गुंठा सोडून देता येईल, पण रस्त्याला लागून असलेल्या जमिनीत त्याच अर्ध्या गुंठ्यावरून कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

चूक कुठून शिरते?

*१. मागची खूण फार जवळ धरली*

ही सगळ्यात जास्त नुकसान करणारी आणि सगळ्यात कमी लक्षात येणारी चूक. समजा, मागची खूण २० मीटरवर आहे आणि तिथली काठी खुणेपासून फक्त २ सेंटिमीटर बाजूला धरली गेली. पुढचा कोपरा २०० मीटरवर आहे. २० मीटरला २ सेंटिमीटर, तर २०० मीटरला दहापट, म्हणजे २० सेंटिमीटर चूक. तीच मागची खूण २०० मीटरवर असती तर कोपऱ्यावरची चूक २ सेंटिमीटरच राहिली असती. म्हणून मोजणीतला जुना नियम आहे, मागची नजर लांब, पुढची त्याहून आखूड.

*२. काठी तिरपी धरली*

दोन मीटर उंचीची काठी दोन अंश कलली तर डोळ्याला ती सरळच वाटते. पण तिचा शेंडा बुडापासून ७ सेंटिमीटर बाजूला गेलेला असतो. रान मोकळं असेल तर भूकरमापक काठीच्या बुडावर नेम धरतो आणि चूक होत नाही. तूर, कपाशी किंवा ऊस उभा असेल तर फक्त शेंडा दिसतो. अशा वेळी काठी ओळंब्यात धरली पाहिजे. यंत्राच्या काठीला पाण्याचा बुडबुडा असतो, तो गोलाच्या मधोमध आला पाहिजे. काठी धरायला गावातलाच एखादा पोरगा उभा केला जातो. त्याला हे कुणी सांगत नाही आणि तो बोलत उभा राहतो.

*३. यंत्र खुणेच्या बरोबर वर नाही*

तिपाईखाली ओळंबा सोडून किंवा यंत्राच्या खालच्या किरणानं यंत्र खुणेच्या डोक्यावर आणतात. भुसभुशीत काळ्या रानात तिपाईचा एक पाय काम चालू असताना खचतो. म्हणून अधूनमधून मागच्या खुणेवर पुन्हा नजर टाकून पाहायची असते.

*४. उतारावर टेप टाकला*

जमिनीचं क्षेत्र नेहमी आडव्या पातळीत धरतात, उताराच्या अंगानं नाही. १० अंशाच्या उतारावर टेप जमिनीलगत टाकून १०० मीटर भरले, तर आडवं अंतर ९८.५ मीटरच असतं. २० अंशाच्या उताराला ते ९४ मीटर होतं. कोकणात, मावळात, मेळघाटात ‘सातबाऱ्यापेक्षा जमीन जास्त भरली’ असं टेपवाले सांगतात, त्यातली बरीच वाढ या उताराची असते. टेपनं मोजायचंच असेल तर टेप आडवा ताणून, ओळंबा सोडत, पायरीपायरीनं उतरावं. टेपबद्दल आणखी एक. तो लोंबला, वाकला किंवा झुडपाला वळसा घालून गेला, तर अंतर जास्तच दाखवतो, कमी कधीच नाही.

*५. ऊन आणि झळा*

एप्रिल-मे महिन्यात दुपारी रानावर झळा उठतात. गरम हवेतून येणारा प्रकाश वाकतो, लांबची काठी थरथरते आणि नेम नीट बसत नाही. जमिनीला घासून जाणाऱ्या रेषेला हा त्रास जास्त होतो. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर वाचन चांगलं मिळतं. शंभर-दोनशे मीटरच्या शेतात यानं मोठी उलथापालथ होत नाही, पण लांबच्या खुणेवरून दिशा घ्यायची असेल तेव्हा वेळ महत्त्वाची.

*६. होकायंत्राजवळ लोखंड*

फलक यंत्राची दिशा लावताना होकायंत्र वापरतात. जवळ तारेचं कुंपण, बोअरचा पाइप, ट्रॅक्टर किंवा मोटार असेल तर सुई ओढली जाते. होकायंत्रावर फक्त अंदाज घ्यायचा, पक्की दिशा खुणेवरूनच.

जुने नकाशे कसे तयार झाले?

आपल्या भागातली जमीन मोजणी ब्रिटिश काळात पक्की झाली. १८३६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी महसूल आकारणीची नवी पद्धत लागू केली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालानं मुंबई इलाख्यासाठी तिचे नियम ठरवून दिले. सर्व्हे नंबर, हद्दीचे दगड, गावाचा नकाशा ही रचना त्यातून आली. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले.

त्या काळी मोजणी शंकू आणि साखळीनं झाली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. शेताच्या आत एक लांब सरळ रेषा धरायची, शंकूच्या फटीतून पाहून तिच्यावर काटकोन काढायचा, आणि बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंतचं अंतर साखळीनं मोजायचं. शेताचे असे त्रिकोण आणि चौकोनी तुकडे पाडून क्षेत्र काढलं जाई. ही मापं ज्या कागदावर लिहिली ते टिपण.

इथे एक गोष्ट शांतपणे समजून घ्यावी. एक आणा म्हणजे सुमारे ६३ सेंटिमीटर. टिपणावर जिथे माप पूर्ण आण्यात लिहिलेलं आहे, तिथे त्यातून दोन बोटांचा हिशोब काढता येत नाही. आजच्या यंत्रानं कितीही बारीक मोजलं तरी मूळ कागदात नसलेली बारकाई नव्यानं तयार होत नाही.

नकाशाचंही तसंच. बारीक टोकाच्या पेन्सिलची रेघ पाव मिलिमीटर जाड धरली, तर १:१००० प्रमाणाच्या नकाशावर ती रेघ जमिनीवरचे २५ सेंटिमीटर झाकते. १:५००० च्या नकाशावर सव्वा मीटर. त्यावर नकाशाचा कागद जुना, घडी पडलेला, पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात आखडलेला. त्यामुळे मोबाईलवर नकाशाचा फोटो मोठा करून ‘रेघ इथून जाते’ असं बोट ठेवून दाखवणं हा पुरावा होत नाही.

हिंगणघाटमध्ये संपलेला एक प्रवास

लांबवर नेम धरून देश मोजण्याचं काम १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यांनी सुरू केलं. आधी जमिनीवर एक लांब पायारेषा अगदी काळजीनं मोजायची, मग तिच्या दोन्ही टोकांवरून लांबच्या टेकडीवर नेम धरून कोन घ्यायचे, आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत पुढे सरकायचं. त्यांचं कोन मोजायचं यंत्र, म्हणजे थिओडोलाईट, सुमारे अर्धा टन वजनाचं होतं. हे काम करत उत्तरेकडे येताना जानेवारी १८२३ मध्ये लॅम्बटन यांचा वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट इथे मृत्यू झाला. तिथेच त्यांना दफन केलं गेलं.

त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी काम पुढे नेलं. दिवसा झळांमुळे लांबची खूण दिसेना, म्हणून रात्री दिवे पेटवून त्यावर नेम धरण्याची पद्धत त्यांनी वापरली. सपाट प्रदेशात नजर अडू नये म्हणून विटांचे उंच मनोरे बांधले. दोनशे वर्षांपूर्वीच्या या लोकांनी जे केलं त्यात आजच्या बांधाच्या मोजणीलाही लागू पडणारी गोष्ट आहे. पायाची खूण पक्की हवी, समोरची खूण स्पष्ट दिसायला हवी, आणि घेतलेलं वाचन दुसऱ्या बाजूनं पडताळायला हवं.

आजची यंत्रं : ईटीएस आणि रोव्हर

फलक यंत्रात तिपाईवर पाट ठेवून त्यावरच्या कागदावर जागेवर नकाशा काढला जाई. त्यानंतर ईटीएस मशीन आलं. ते कोन आणि अंतर दोन्ही मोजतं. मशीनमधून किरण निघतो, समोरच्या काठीवरच्या काचेवर आपटून परत येतो आणि अंतर पडद्यावर दिसतं. शेताच्या लांबीवर त्याची स्वतःची चूक काही मिलिमीटरची. पण नजर मोकळी लागते. मधे ऊस, झाड किंवा भिंत आली की यंत्र हलवून नवीन जागेवर लावावं लागतं, आणि प्रत्येक वेळी हलवलं की थोडी चूक भरत जाते.

आता बहुतेक ठिकाणी रोव्हर दिसतो. काठीवर बसवलेली पांढरी टोपी, सोबत हातात टॅब. रोव्हरला समोरच्या काठीवर नजर लागत नाही. तो आकाशातल्या उपग्रहांकडून येणारे संकेत पकडतो. उपग्रहाच्या संकेतात काही मीटरची चूक असते, ती दुरुस्त करण्यासाठी ‘कॉर्स’ नावाची कायमची केंद्रं उभारली आहेत. महाराष्ट्रात अशी ७७ केंद्रं आहेत. केंद्राची जागा आधीच अचूक माहीत असल्यानं, या घडीला उपग्रह किती चुकतोय हे तिथे कळतं आणि ती दुरुस्ती इंटरनेटवरून रोव्हरला मिळते. मग रोव्हरची चूक दोन-तीन सेंटिमीटरवर येते.

म्हणजे नजरेची रेषा संपलेली नाही, ती जमिनीवरून आकाशाकडे गेली. आंब्याच्या किंवा चिंचेच्या झाडाखाली, उंच भिंतीलगत, पत्र्याच्या शेडजवळ आकाश झाकलं जातं किंवा संकेत आपटून येतो, आणि तिथे रोव्हर फसू शकतो. मोबाईलला रेंज नसेल तर दुरुस्ती पोहोचत नाही.

टॅबच्या पडद्यावर ‘फिक्स’ किंवा ‘फ्लोट’ असं दिसतं. ‘फिक्स’ असताना घेतलेलं वाचन सेंटिमीटरमध्ये बरोबर असतं. ‘फ्लोट’ असताना वाचन काही डेसिमीटर इकडेतिकडे असू शकतं, कधी त्याहूनही जास्त. मोजणीला हजर असणाऱ्या कुणालाही हा शब्द वाचता येतो. महत्त्वाच्या कोपऱ्यावर खूण घेताना ‘साहेब, फिक्स आहे ना?’ एवढं विचारायला हरकत नाही.

मोबाईल ॲपवर शेत मोजलं तर?

शेताभोवती फोन घेऊन फिरलं की ॲप एकर-गुंठे दाखवतं. पेरणीला बियाणं किती लागेल, फवारणीला औषध किती, ठिबकची नळी किती, अशा अंदाजासाठी ते ठीक आहे. हद्दीसाठी नाही.

मोकळ्या रानातसुद्धा साध्या फोनची जागा तीन ते पाच मीटर चुकते, झाडाखाली त्याहून जास्त. एक एकराचं चौरस शेत धरलं तर त्याची बाजू साधारण ६३.६ मीटर. त्याची एकच बाजू ३ मीटर सरकली तर १९० चौरस मीटर, म्हणजे जवळपास दोन गुंठे फरक. फोनवरच्या उपग्रह-चित्रातली बांधाची रेषाही काही मीटर सरकलेली असू शकते. ॲपचा स्क्रीनशॉट घेऊन शेजाऱ्याशी वाद घालू नये. त्यातून फक्त नातं बिघडतं.

यंत्र अचूक, तरी दोन मोजण्यांत फरक का येतो?

शेतकऱ्यांचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच. पाच वर्षांपूर्वी एक खूण झाली, आता रोव्हर आला आणि खूण सहा फूट सरकली. मग खरं कोण?

याचं उत्तर मोजणीच्या रीतीत आहे. हद्द कायम मोजणीत भूकरमापक दोन कामं करतो. पहिलं, जागेवर आज काय आहे ते मोजतो. म्हणजे बांध, दगड, विहीर, रस्ता, नाला, आजूबाजूच्या नंबरांचे कोपरे. दुसरं, जुना नकाशा किंवा टिपण या वस्तुस्थितीवर जुळवून बसवतो. ही जुळवणी झाली की नकाशातला कोपरा जमिनीवर कुठे येतो ते ठरतं.

पहिल्या कामात आता चूक फार कमी राहिली आहे. फरक पडतो तो दुसऱ्या कामात. जुना नकाशा कोणत्या खुणांना धरून बसवायचा? जुने दगड जागेवर असतील, चारी बाजूंनी चार-पाच खुणा जुळत असतील, तर नकाशा एकाच ठिकाणी बसतो. कुणीही मोजलं तरी उत्तर तेच येतं. दगडच नाहीत, बांध फोडलेले, ओढा वळवलेला, आणि फक्त एका बाजूच्या एक-दोन खुणा मिळाल्या, तर नकाशा थोडा इकडेही बसतो, थोडा तिकडेही बसतो. एकानं गावाच्या शिवेवरून धरलं, दुसऱ्यानं रस्त्याच्या कडेवरून, की दोन उत्तरं तयार. दोन्ही वेळा यंत्र बरोबरच असतं.

त्यामुळे रोव्हर आणला की वाद आपोआप मिटेल, अशी आशा धरू नये. तो दोन सेंटिमीटरपर्यंत बरोबर सांगेल, पण ज्या दगडावरून तो सांगतो तो दगड कुणी रात्रीत सरकवलेला असेल, तर चूकही तितक्याच अचूकपणे पुढे जाईल. हद्दीची खरी राखण जुन्या खुणांत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ नुसार हद्दीच्या खुणा राखण्याची जबाबदारी जमीनधारकावरच आहे, आणि खुणेचं नुकसान करणाऱ्याला दंडाची तरतूद आहे. जेसीबीनं सपाटीकरण करताना दगड उपटून बांधावर फेकला की वडिलांनी भांडून ठेवलेला पुरावाच संपतो.

मोजणीच्या आधी

- अर्ज ‘ई-मोजणी’ संकेतस्थळावरून किंवा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून करता येतो. हद्द कायम, पोटहिस्सा अशी मोजणी कोणत्या कामासाठी हवी ते नीट लिहावं.
- टिपण, गटनकाशा, फाळणी नकाशा आणि आधीची मोजणी झाली असेल तर तिची ‘क’ प्रत, या नकला आधी काढून घ्याव्यात.
- पीक निघाल्यावरची तारीख मिळेल असं पाहावं. उभ्या उसात कुणालाच नीट काम करता येत नाही.
- बांधावरचे जुने दगड शोधून, माती-काटे काढून उघडे करावेत. दगड हलवू किंवा सरळ करू नये. सापडेल तसा ठेवून फोटो काढावा.
- गावातल्या जुन्या माणसांना विचारून शिवेचे दगड, तीन नंबर मिळतात ते कोपरे कुठे होते ते माहीत करून घ्यावं.

मोजणीच्या दिवशी

- लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. आपण अर्जदार असो की शेजारी, नोटीस मिळाली की हजर राहावं. गैरहजर राहून नंतर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणणं उपयोगी पडत नाही.
- सुरुवात कोणत्या खुणांवरून केली हे विचारून वहीत लिहून ठेवावं. कमीत कमी तीन-चार जुन्या खुणा आणि त्या शेताच्या वेगवेगळ्या बाजूंना असाव्यात, अशी विनंती करावी.
- काठी धरणारा ती उभी आणि खुणेवरच धरतो का, याकडे घरातल्या एका माणसानं लक्ष ठेवावं.
- काम संपताना पहिल्या खुणेवर पुन्हा वाचन घेऊन जुळतं का ते पाहायला सांगावं. सुरुवात आणि शेवट जुळला तर मधे मोठी गडबड झालेली नाही.
- भूकरमापकाशी हुज्जत घालू नये. जे पटत नाही ते जबाबात लिहून द्यावं. न वाचता सही करू नये.

मोजणीनंतर

- खुणेच्या जागी त्याच दिवशी, दोन्ही बाजूंच्या समोर, दगड किंवा सिमेंटचा खांब रोवावा. चुन्याची फक्की पहिल्या पावसात जाते.
- ‘क’ प्रत मिळाली की त्यावर हद्दीची रेषा कोणती आणि वहिवाटीची कोणती, हे समजून घ्यावं. या दोन रेषांमधली जागा म्हणजेच वादाची जागा.
- मोजणी मान्य नसेल तर उपअधीक्षकांकडून निमताना मोजणी मागता येते. त्यावरही हरकत असेल तर जिल्हा अधीक्षकांकडून सुपर निमताना. अर्जात ‘अन्याय झाला’ एवढंच न लिहिता कोणती जुनी खूण धरली नाही, ते नेमकं लिहावं.
- मोजणी खातं हद्द दाखवतं, ताबा काढून देत नाही. शेजारी हटत नसेल तर ताब्यासाठी दिवाणी न्यायालयात जावं लागतं.

मधे चढ असेल तर कुंपणाची ओळ सरळ कशी धरायची?

दोन्ही टोकांचे दगड पक्के आहेत, पण मधे चढ असल्यानं एका दगडावरून दुसरा दिसत नाही. अशा वेळी तार ओढताना ओळ वाकते. यावर साधा उपाय आहे.

दोन्ही दगडांवर उंच काठ्या उभ्या कराव्यात. दोन माणसांनी काठ्या घेऊन चढावर, अंदाजे ओळीत, एकमेकांपासून थोड्या अंतरावर उभं राहावं. पहिल्याला दुसरा माणूस आणि त्याच्या पलीकडचा दगड दिसला पाहिजे. दुसऱ्याला पहिला माणूस आणि अलीकडचा दगड दिसला पाहिजे. पहिल्यानं दुसऱ्याला सरकवून पलीकडच्या काठीच्या ओळीत आणावं. मग दुसऱ्यानं पहिल्याला सरकवून अलीकडच्या काठीच्या ओळीत आणावं. असं आळीपाळीनं करत गेलं की चार-पाच वेळात दोघांनाही सरकायची गरज उरत नाही. तिथे ओळ सरळ झाली. शेजारी सोबत असताना हे केलं तर तार ओढताना वाद होत नाही.

लक्षात ठेवायची मापं

- १ साखळी = ३३ फूट = १६ आणे = सुमारे १०.०६ मीटर
- १ आणा = २ फूट पाऊण इंच = सुमारे ६३ सेंटिमीटर
- १ गुंठा = ३३ × ३३ फूट = १०८९ चौरस फूट = सुमारे १०१.१७ चौरस मीटर
- १ आर = १०० चौरस मीटर. आर आणि गुंठा जवळजवळ सारखे, पण एकच नाहीत. १०० आर म्हणजे सुमारे ९८.८ गुंठे.
- १ एकर = ४० गुंठे = ४३,५६० चौरस फूट = सुमारे ४०.४७ आर
- १ हेक्टर = १०० आर = सुमारे २ एकर १९ गुंठे

सातबारा हेक्टर-आरमध्ये, जुनं टिपण साखळी-आण्यात आणि गावातली बोली गुंठ्यात असते. क्षेत्रातला फरक वाटला तर मोजणीचा अर्ज करण्याआधी एकदा कागदावर मापं बदलून पाहावीत. काही वेळा एक-दोन गुंठ्यांची ‘कमी’ ही आर आणि गुंठा एकच समजल्यामुळे दिसत असते.